गावच्या शाळेत पहिलीला बसताना

परदेशातून कायमचे कोकणात परतताय आणि मूल पहिली-दुसरीत बसणार आहे? मग त्याच्या मराठीची काळजी जरा बाजूला ठेवा. घरात मराठी कानावर पडलेलं सहा वर्षांचं मूल वाडीतल्या पोरांत खेळता खेळता बोलू लागतं. अडतं ते वर्गात एकट्यानं काम करत बसताना.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा द्विशिक्षकी आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला 60 पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, म्हणजे चार इयत्तांना दोघंच. बाई दुसरीला वजाबाकी शिकवत असतात तेव्हा पहिलीनं फळ्यावरचं उतरवून घ्यायचं असतं. परदेशातल्या वर्गात शेजारी मदतनीस असण्याची सवय झालेलं मूल अशा वेळी दर दोन मिनिटांनी हाक मारतं, नाहीतर उठून फिरतं, आणि त्याला उगाच खोडकर ठरवलं जातं.

एकट्यानं काम करत बसण्याचा सराव शाळेआधी तीन आठवडे घरी करा. बसकरावर मांडी घालून, समोर पाट. अक्षरांची एक ओळ आणि चार बेरजा द्या. तुम्ही त्याच खोलीत भाजी निवडा, पण काम संपेपर्यंत उत्तर देऊ नका. पहिले चार दिवस 5 मिनिटं, मग दर चार दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवत 15 पर्यंत न्या. बहुतेकदा बिघडतं ते आजीमुळे! तिनं एकदा मध्येच सांगितलं, की विचारलं म्हणजे मिळतं हे मूल लगेच ओळखतं. आजीला आधीच विश्वासात घ्या.

चार वाक्यं तोंडात बसू द्या: "बाई, आत येऊ का?", "पाणी पिऊन येऊ?", "लघवीला जाऊ?" आणि "मला समजलं नाही, परत सांगाल?" चौथं सगळ्यात गरजेचं, आणि मुलं नेमकं तेच बोलायला लाजतात. बाईंना किंवा गुरुजींना नावानं हाक मारायची नाही, हेही सांगून ठेवा.

परिपाठाला स्थिर उभं राहावं लागतं. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा तुम्हाला पाठ असेल. 'जय जय महाराष्ट्र माझा' 2023 पासून राज्यगीत झालंय, तेही म्हणून घ्या. दुपारी पोषण आहार असतो. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, तेव्हा खिचडी किंवा आमटी-भात हातानं, न सांडता खाता यायला हवा.

शाळा जूनच्या मध्याला, ऐन पावसात सुरू होते. कॅनव्हासचे बूट दोन दोन दिवस वाळत नाहीत. मागे पट्टा असलेले प्लास्टिकचे सँडल घ्या. गणवेश तीन हवेत, वह्यांना प्लास्टिकची पिशवी. अमेरिकेतून येणाऱ्यांनी दोन आठवडे आधी यावं, नाहीतर दिवस-रात्रीच्या फरकानं मूल वर्गात पेंगतं.

एक कळकळीची विनंती. "बाई मारतील हां" असा धाक घालू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आणि बाईंना घाबरलेलं मूल ते चौथं वाक्य कधीच बोलत नाही.

गणपतीच्या सुट्टीत घडी विस्कटतेच. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी बसकर पुन्हा बाहेर काढा, पण या वेळी थेट 10 मिनिटांपासून.