आमचं गाव झपाट्याने वाढतंय. पर्यावरणाचा आराखडा करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव जालन्याजवळ, समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजपासून फार लांब नाही. चारही बाजूंनी प्लॉटिंग पडतंय, लोकसंख्या साडेचार हजारांवर गेली आहे आणि तुम्ही पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाला आहात. सौर दिवे, झाडं आणि घंटागाडी यांपैकी आराखड्यात आधी काय घ्यावं, असं विचारलंय. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या महामार्गालगतच्या एका गावात पाच वर्षं सरपंच होते. तुमच्या यादीतल्या तिन्ही गोष्टी आम्ही केल्या. पण आज ज्याची हळहळ वाटते ती गोष्ट त्या यादीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाऊ, आधी ओढे बघा.

आमच्या गावाच्या पश्चिमेला एक ओढा होता. वर्षातले आठ महिने कोरडा, दोन्ही काठांना बाभळी. २०२१ मध्ये त्याच्या कडेची साडेतीन एकर जमीन प्लॉटिंगला गेली. मालकाने शंभर-सव्वाशे हायवा टिपर मुरूम टाकून रान सपाट केलं, ओढ्याच्या जागी एक सिमेंटचा पाइप पुरला आणि वरून रस्ता काढला. ग्रामपंचायतीच्या ना हरकतीवर सही माझी आहे. लेआउटच्या कागदावर ओढा दाखवलेलाच नव्हता, आणि मी जागेवर जाऊन पाहिलं नव्हतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडाभर पाऊस कोसळला तेव्हा रात्री अडीच वाजता त्या प्लॉटिंगमधल्या बावीस घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. एका घरात दहा दिवसांची बाळंतीण होती. तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून आम्ही शाळेत आणलं. या घरांना मीच घरपट्टी लावली होती, नळ दिले होते, त्यांच्या वास्तुशांतीला जेवले होते. जाणत्या माणसांनी दुसऱ्या दिवशी दाखवलं, पाणी ज्या रेषेत आलं ती बरोबर जुन्या ओढ्याची रेषा होती.

म्हणून तुमचं पहिलं काम हे. तलाठ्याकडून आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा घ्या. आपल्या मराठवाड्यात खासरा पत्रकं आणि सेतवार ही जमिनीची जुनी दप्तरं मिळतात, तीही काढा. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, कुठे कुठे लागलीय ते बघा; पुष्कळदा ओढ्या-नाल्याखालची जमीन तिथेच दडलेली असते. पाणंद रस्तेही त्याच नकाशावर सापडतात, आणि त्यांच्या कडेच्या चरांतूनही पाणी वाहतं. मग पहिला जोराचा पाऊस झाला की त्या नकाशासकट शिवारात चाला. सोबत गावातला एखादा गुराखी आणि एखादी म्हातारी घ्या. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे तुंबतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. जे दिसेल ते नकाशावर निळ्या पेनाने काढा, तो नकाशा ग्रामसभेत ठेवा आणि ठराव घ्या की यातला एकही प्रवाह बुजवणाऱ्या लेआउटला ग्रामपंचायत ना हरकत देणार नाही. ठरावाने कायदा होत नाही, हे मला माहीत आहे. पण तहसील आणि नगररचना कार्यालयात बोलायला हातात कागद येतो, आणि पुढच्या सरपंचाला "मला माहीत नव्हतं" असं म्हणता येत नाही. मी तेच म्हणत बसले होते.

दुसरी गोष्ट लेआउटमधल्या खुल्या जागेची. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली सोडावी लागते. आमच्याकडे यातून दोन पळवाटा निघाल्या. एक म्हणजे गटाचे एक एकराच्या आतले तुकडे पाडून विकायचे, काही ठिकाणी तर खरेदीखत न करता नुसत्या बाँड पेपरवर गुंठा-गुंठा. दुसरी म्हणजे खुली जागा कागदावर ठेवायची आणि पाच वर्षांनी तिथे कुणाचं तरी शेड उभं राहायचं. तुम्ही प्रत्येक मंजूर लेआउटची प्रत मागवा. खुली जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात आली का, हद्दीचे दगड रोवले का, नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, नोंद झाली का, हे स्वतः बघा. आणि जमेल तिथे आग्रह धरा की खुली जागा ओढ्याच्या काठाने द्यावी, एका लेआउटची दुसऱ्याला जोडून. ओढ्याचं पात्र मात्र त्या १० टक्क्यांत मोजू देऊ नका. असा सलग पट्टा राहिला तर पाणी वाहतं, मुरतं, पोरांना खेळायला जागा होते आणि तुमची झाडंही तिथेच जगतात. हा पट्टा आज सोडायला कुणाचं घर पाडावं लागत नाही. दहा वर्षांनी पाडावं लागेल.

आता सांडपाणी. याच्यावर गावात कुणी बोलत नाही, आणि वाढत्या गावाला सगळ्यात आधी हेच मारतं. साधा हिशोब करा. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं तर साडेचार हजार माणसांना रोज जवळपास अडीच लाख लिटर लागतं. त्यातलं ८० टक्के मोरीतून, न्हाणीतून परत बाहेर येतं, म्हणजे दोन लाख लिटर. ते आज कुठे जातं? आमच्याकडे रस्त्याच्या गटारातून त्याच ओढ्यात, आणि ओढ्यातून सार्वजनिक विहिरीच्या अंगाला.

सांडपाणी जमिनीत जिरवणारे शोषखड्डे उत्तम आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारं आणि डास दोन्ही घालवले, आणि तो नांदेड पॅटर्न पुढे राज्यभर गेला. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. काळ्या मातीत चार फुटांचा खड्डा घेऊन दगड भरले तर पाणी जिरत नाही, खड्डा तुंबतो आणि लोक योजनेला शिव्या देतात. माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. आम्ही पहिल्या फेरीत सगळ्यांना एकाच मापाचे खड्डे दिले आणि निम्मे वाया घालवले. दुसरं, शोषखड्डा मोकळ्या अंगणाच्या जुन्या गावात चालतो. वीस बाय तीसच्या प्लॉटवर शौचालयाची टाकी एका कोपऱ्यात, बोअर दुसऱ्या कोपऱ्यात आणि शेजाऱ्याची टाकी भिंतीला लागून. टाकी आणि बोअर यांच्यात निदान ५०-६० फूट अंतर हवं. तिथे ते येणार कुठून?

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवतात. आमच्या बायकांनी प्लॉटिंगमधल्या अकरा बोअरचं पाणी तपासणीच्या बाटल्यांत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सात बाटल्या काळ्या पडल्या. घाण पाण्यातले जंतू त्यात असल्याची ती खूण. ग्रामसभेत माझ्या तासभराच्या भाषणाने जे झालं नसतं ते त्या सात बाटल्या टेबलावर ठेवल्याने झालं. तुम्हीही हे पहिल्या सहा महिन्यांत करा.

दाट वस्तीसाठी मग गटाराच्या शेवटी, गावाच्या सखल अंगाला, सांडपाण्याचं स्थिरीकरण तळं लागतं, म्हणजे पाणी काही दिवस थांबून आपोआप शुद्ध होतं असं उथळ तळं. तुमच्या गावाच्या पाण्याला, चार फूट खोली आणि वीस दिवस पाणी थांबतं असं धरलं तर, पाऊण-एक एकर जागा लागेल. तंत्र साधं आहे, वीज लागत नाही, निघालेलं पाणी चाऱ्याला, झाडांना देता येतं. अडचण फक्त जागेची. सखल अंगाची जागा म्हणजे ओढ्याकाठची जागा, आणि प्लॉटिंगवाल्याच्या दृष्टीने तीच सगळ्यात स्वस्त. आधी कोण पोचतं एवढाच प्रश्न आहे. आमच्याकडे आम्ही उशिरा पोचलो.

पिण्याच्या पाण्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, जालन्याच्या माणसाला टँकर माहीत असतो. एवढंच म्हणेन की आपल्याखाली काळा पाषाण आहे. पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. जेवढं खोल जाल तेवढं पाणी वाढेल असं इथे होत नाही. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला २००९ च्या भूजल कायद्याने मनाई आहे, आणि आपल्याकडे आठशे फुटांचे बोअर पडतात. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, ती मी स्टेशनवर उभं राहून पाहिली आहे. माझी नणंद तेव्हा लातूरहून कपडे धुवायला आमच्या गावी यायची. लोक पाण्याच्या गाडीला हार घालत होते आणि मला रडू येत होतं. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर आपल्याकडच्या सातशे मिलिमीटरच्या सरासरी पावसात पासष्ट हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं पन्नास हजार जरी गाळून विहिरीत किंवा बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडलं तरी घराचे कितीतरी महिने निघतात. नवीन घराच्या परवानगीलाच ही अट जोडा. बांधून झाल्यावर कुणी पाइप बसवत नाही.

आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या कडवंची गावाला जाऊन या. १९९६ पासून तिथे माथा ते पायथा पाणलोटाचं काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं सोबत होती. काम आखताना त्यांनी गट नंबरापेक्षा पाण्याची उतरण धरली. मला त्यातलं हेच शिकण्यासारखं वाटलं. शेततळ्यांबद्दल मात्र जपून. प्लास्टिक अंथरून विहिरीच्या पाण्याने भरलेलं तळं भूजल वाढवत नाही, उपसतं.

गायरानावर तुमचा डोळा जाईल. कचऱ्याला जागा हवी, सौर पॅनेलला हवी, झाडांना हवी, आणि गायरान रिकामं दिसतं. ते रिकामं नसतं. मराठवाड्यात भूमिहीन, बहुतेक दलित कुटुंबांनी तिथे पिढ्यान् पिढ्या कसून पोट भरलंय. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा शासनाचा निर्णयही आहे. पर्यावरणाच्या नावाखाली सगळ्यात गरीब माणूस हुसकावायचा आणि ओढा बुजवणाऱ्याला चहा पाजायचा, असा आराखडा कृपा करून करू नका. त्यांना ग्रामसभेत बोलवा, रानाची मोजणी त्यांच्यासमोर करा.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. घंटागाडी घेण्याआधी ती रिकामी कुठे होणार ते ठरवा. छत्रपती संभाजीनगरचा कचरा तीसेक वर्षं नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहर कितीतरी महिने कचऱ्यात बसलं. ओला कचरा घरातच किंवा गल्लीतच जिरवला तर गाडीत उरतं ते फार थोडं असतं. झाडं लावाल तर वड, चिंच, कडुलिंब, करंज, उंबर लावा. संख्या कमी ठेवा आणि तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव लिहून ठेवा. सौर दिवे छान असतात, पण बॅटरी बदलायचे पैसे आत्ताच बाजूला काढा.

पैसा कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बंधित होती. आमच्या सदस्यांना तो जाच वाटायचा. मला त्या पैशाने शोषखड्डे आणि गटारं करता आली. पण तळं, पट्टा, देखभाल यांना गावाचा स्वतःचा पैसा लागतोच. वाळूजजवळच्या पाटोदा गावाने कर भरणाऱ्यांना पिठाची गिरणी फुकट केली आणि वसुली बसवली. आम्ही तसं केलं नाही. मी घरोघरी जाऊन वसुलीचा हिशोब आणि खर्चाचा हिशोब एकाच कागदावर दाखवायचे, त्यानेही बराच फरक पडला.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड. प्लॉटिंग करणारा बहुतेक वेळा आपलाच भाऊबंद असतो, कधी कधी शेजारच्या खुर्चीवर बसलेला सदस्य असतो. त्याच्याशी वैर धरून काही होणार नाही. आमचा ओढा आम्ही आता उघडतोय. पाइप काढून बारा फूट रुंद चर घ्यायची आहे आणि चार प्लॉट मागे सरकवायचे आहेत. त्यातल्या दोघांनी संमती दिली आहे. ज्याने मुरूम टाकला होता त्यानेच उकरायला जेसीबी दिला आहे. उरलेल्या दोघांशी रविवारी बोलणं आहे. तुमच्या नकाशावर निळ्या रेषा काढून झाल्या की त्याचा फोटो इथेच टाका, मी बघेन.