पोकेमॉनच्या पहिल्या डेकसाठी माझ्याकडची सत्तर कार्डं पुरतील का?

तू लिहिलंस की तू नववीत आहेस, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतोस, पुण्याच्या मावसभावाने पोकेमॉनची पाकिटं दिली आणि यात्रेत घेतलेली धरून सत्तरेक कार्डं जमली आहेत. आता ६० कार्डांचा ‘भारी’ डेक (खेळायला निवडून लावलेला कार्डांचा गठ्ठा) लावायचा आहे आणि खेळायला धाकट्या बहिणीशिवाय कोणी नाही.

हे शेवटचं वाक्य तू सहज लिहिलंस, पण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. पुण्या-मुंबईचा पोट्टा डेक घेऊन दुकानात जातो, समोर कोणीतरी बसलेलं असतं. आपल्याकडे समोरचा खेळाडूही आपल्यालाच तयार करावा लागतो. तू एकच भारी डेक लावलास आणि उरलेला कचरा बहिणीच्या हातात दिलास, तर ती तीन डाव खेळेल आणि चौथ्याला उठून जाईल. म्हणून तुझा पहिला डेक एक नाही, दोन आहेत. दोन्ही सारख्या ताकदीचे.

सत्तर कार्डांत दोन डेक कसे? अर्ध्या डेकचा प्रकार जुनाच आहे. ३० कार्डं, एका नावाची जास्तीत जास्त २ (साध्या एनर्जीला, म्हणजे हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायच्या कार्डांना, मर्यादा नाही), आणि ६ ऐवजी ३ प्राइझ कार्डं (ती सुरुवातीला उलटी बाजूला ठेवायची, समोरचा पोकेमॉन पाडला की आपलं एक उचलायचं, सगळी उचलली की जिंकलो). बाकी नियम तेच. डाव लवकर संपतो, लाइट गेली तरी ओट्यावर उजेड आहे तोवर दोन-तीन होतात.

आधी कार्डं निवड. माझं दारव्ह्याकडे झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, आणि कबूल करतो, ती सोनेरी चकचकीत प्लॅस्टिकची पोकेमॉन कार्डं मीही दोन वर्षं विकली. ती नकली असतात. यात्रेतली तुझी जी सोनेरी आहेत ती बाजूला काढ. कागदी कार्डांमागे मोबाइलचा टॉर्च धरून बघ. खऱ्या कार्डाच्या पुठ्ठ्यात मधे काळसर थर असतो, त्यातून उजेड फारसा येत नाही. नकली बरेचदा लख्ख उजळतं. शिवाय मागचा निळा रंग फिका, अक्षरं जाडीभरडी, इंग्रजी नावाचं स्पेलिंग चुकलेलं, एचपी (पोकेमॉन किती नुकसान सोसतो तो आकडा) भलताच, असंही दिसतं. घरच्या खेळात नकली कार्ड चालेल असं कोणी म्हणेल, पण त्यावरचे आकडेच खोटे असतात, मग डाव जुळत नाही. फेकू मात्र नको, पुढे कामी येतील.

आता मुख्य गोष्ट. पारावर मेंढीकोट खेळतात तेव्हा कॅट सगळ्यांचा एकच असतो, ५२ पत्ते, नशीब वाटपात. इथे तुझा कॅट तू घरूनच ठरवून आणतोस, म्हणजे अर्धा डाव पिसण्याआधीच खेळून झालेला असतो. नवा माणूस हे विसरतो आणि आवडीचं एकेक कार्ड गोळा करून डेक भरतो. मीही तेच केलं होतं. माझ्या पहिल्या डेकमध्ये चारिझार्ड होता, चारमेलियन नव्हता. का, तर मिळाला नव्हता. आधी बेसिक, त्यावर स्टेज १, त्यावर स्टेज २ अशी साखळी असते; स्टेज २ असल्याने चारिझार्ड थेट उतरवता येत नाही. तो डावभर हातात, लग्नघरी रुसलेल्या पाहुण्यासारखा बसून. भाची म्हणाली, “मामा, मंग कायले ठेवला थो?” उत्तर नव्हतं.

म्हणून साखळी पूर्ण नसेल तर ते मोठं पोकेमॉन डेकमध्ये घेऊच नको, कितीही चमकत असो. तीन पायऱ्यांची साखळी तर ३० कार्डांत सध्या टाळच. बेसिक आणि एक पायरीवरची स्टेज १, एवढ्यावर भागव.

बेसिक किती? सुरुवातीच्या ७ कार्डांत एक तरी बेसिक पाहिजे, नाही तर हात दाखवून पुन्हा पिसावं लागतं आणि समोरच्याला एक जास्तीचं कार्ड घेता येतं. ३० मध्ये ४ बेसिक ठेवलीस तर जवळजवळ दर तिसऱ्या डावात हे होईल. ६ ठेवलीस तर सहा डावांत एकदा. ८ ठेवलीस तर बारा डावांत एकदा. मी ८ ठेवतो. वर त्यांच्याच दोन-तीन स्टेज १, म्हणजे पोकेमॉन १० किंवा ११ झाले. हल्ला एक-दोन एनर्जीत होणारा बघ, नुकसानाचा मोठा आकडा नंतर. हातातून एनर्जी एका पाळीत एकच लावता येते, त्यामुळे तीन एनर्जीचा हल्ला लवकरात लवकर तुझ्या तिसऱ्या पाळीला, तोवर पोकेमॉन जिवंत राहिला तर.

नावामागे ‘ईएक्स’ असलेलं काही निघालं असेल तर मोह होईल. पण तो पडला की समोरच्याला एक नाही, निदान २ प्राइझ मिळतात. पूर्ण डेकमध्ये ६ पैकी २ परवडतात, अर्ध्या डेकमध्ये ३ पैकी २ म्हणजे डाव गेल्यातच जमा. दोघांकडे एकेक असेल तर ठेवा, नाही तर दोन्हीकडून बाहेर.

दोन डेकचे रंग (आग, पाणी, गवत असे प्रकार) निवडताना कमजोरी बघ. कार्डाच्या खाली डावीकडे लिहिलेली असते आणि बहुतेक वेळा नुकसान दुप्पट करते. गवताचे पोकेमॉन साधारणपणे आगीला कमजोर, आगीचे पाण्याला, पाण्याचे बरेचसे विजेला. तू आग घेऊन बहिणीला गवत दिलंस तर तो खेळ नाही, कापणी आहे. आग विरुद्ध वीज बरी जमते. एका डेकमध्ये एकच रंग ठेव. दोन रंग केलेस की हातात नेमकी नको ती एनर्जी येते.

एनर्जी ९ ठेव. उरलेली १० किंवा ११ ट्रेनर, म्हणजे मदतीची कार्डं. इथे तुझी अडचण होणार, कारण पाकिटांत पोकेमॉनच जास्त निघतात आणि साधी एनर्जीही पुरेशी मिळत नाही. उपाय साधा आहे. कार्डाचं माप ६३ × ८८ मिलिमीटर. कागदाच्या चिठ्ठ्या त्या मापाच्या काप, त्यावर कार्डाचं नाव आणि काम मराठीत लिही आणि स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लॅस्टिकच्या खोळीत) त्या जादा किंवा नकली कार्डाच्या पुढे सरकव. (नकली कार्डं इथे कामी आली.) स्लीव्ह मागून एकरंगी आणि सगळ्या एकसारख्या घे. बोटाला जाडीचा फरक लागला तर बहीण दुसऱ्याच दिवशी ओळखायला लागेल, बहिणी ओळखतातच. या चिठ्ठ्या फक्त घरच्या खेळात, स्पर्धेत चालत नाहीत.

चिठ्ठ्यांवर काय लिहायचं? नेमोना: ३ कार्डं घ्या. नेस्ट बॉल: डेकमधून एक बेसिक शोधून बेंचवर (मागच्या राखीव जागेत) ठेवा. स्विच: पुढचा पोकेमॉन बेंचवरच्याशी बदला. पोशन: ३० नुकसान काढा. प्रत्येकी २, दोन्ही डेकमध्ये तीच, म्हणजे भांडण नाही. नेमोना सपोर्टर आहे, पाळीत एकच सपोर्टर खेळता येतो. बाकीचे आयटम, कितीही चालतात. ‘प्रोफेसर्स रिसर्च’ मिळाला असेल तर एकच ठेव. हातातली सगळी कार्डं टाकून ७ नवी घेणं मोठ्या डेकमध्ये छान, पण इथे वाटप आणि प्राइझ गेल्यावर डेकमध्ये २०च उरतात, आणि पाळीच्या सुरुवातीला उचलायला कार्ड नसेल तर माणूस हरतो.

एक हिशेब मला उशिरा कळला. एकच प्रत असलेलं कार्ड दहा डावांत एकदा प्राइझमध्ये अडकतं, अर्धा डेक असो वा पूर्ण. डेक ज्या पोकेमॉनवर उभा आहे त्याच्या २ प्रती नसतील तर त्याच्यावर डेक उभा करू नको.

मोबाइलवरच्या ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ या गेमचे नियम इथे लावू नकोस. त्यात डेक २० कार्डांचा असतो आणि एनर्जीची कार्डं डेकमध्ये नसतातच. पूर्ण खेळ शिकायचा तर ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ हा दुसरा गेम फुकट आहे, नेट मात्र बरं लागतं.

दहा डाव खेळा, डेकही आपसात बदलून खेळा. डाव संपला की हातात पडून राहिलेली कार्डं वहीत लिही. एकच नाव चार-पाच वेळा आलं की ते काढ, एकावेळी एकच बदल कर. आणि मावसभाऊ दिवाळीत येणार असेल तर त्याला सांग, पाकिटं आणू नको, तयार ६० कार्डांचे दोन बॅटल डेक आण. पाकिटात काय निघेल ते देवाला माहीत, तयार डेकमध्ये ट्रेनर आणि एनर्जी दोन्ही मोजून मिळतात. त्याने नाही आणले तरी चिठ्ठ्या आहेतच.