वाचकांचे प्रश्न : नैरोबीच्या मुलांच्या संघासाठी दुरून निधी उभारताना

प्रश्न : मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर सामने पाहतच मोठा झालो आणि पेठेतल्या आमच्या संघासाठी वर्गणी मागत दारोदार हिंडण्याचाही मला अनुभव आहे. नैरोबीतील माथारे या वस्तीत १५ वर्षांखालील मुलांचा एक लहान संघ चालवणाऱ्या प्रशिक्षकांशी समाजमाध्यमावर माझी ओळख झाली. स्थानिक लीगचे प्रवेशशुल्क, पंचांचे मानधन आणि बाहेरच्या सामन्यांचे गाडीभाडे यांसाठी त्यांना निधी हवा आहे, आणि त्याकरिता ऑनलाइन स्वयंसेवक म्हणून काम कराल का, असे त्यांनी विचारले आहे. मित्रमंडळींकडून माझ्या यूपीआयवर पैसे घेऊन ते तिकडे पाठवावेत, असा माझा विचार आहे. हे योग्य होईल का? आणि संघ खरा आहे याची खात्री इथे बसून कशी करावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काम जरूर हाती घ्या, मात्र पैसे आपल्या खात्यावर घेऊ नका. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यात भेट व देणगी यांचाही समावेश आहे. त्यासाठी बँकेत पॅन आणि ए-२ अर्ज द्यावा लागतो. ही मुभा ज्याच्या त्याच्या स्वतःच्या पैशापुरती असते. पन्नास जणांची वर्गणी एका खात्यावर जमवून ती आपली म्हणून पाठवली, तर उद्या बँकेने किंवा आयकर खात्याने विचारणा केल्यावर आपल्याला उत्तर देणे अवघड जाईल. शिवाय देणगीदारांनी हिशेब मागितला, तर तो आपल्यालाच द्यावा लागेल आणि खर्च मात्र आपल्या हातात नसेल. पेठेतल्या वर्गणीत देणारा, घेणारा आणि खेळणारा एकमेकांना रोज भेटतात, त्यामुळे तिथे तोंडी व्यवहार चालून जातो. इथे तसे नाही. म्हणून देणगीदाराने पैसे थेट संघाला द्यावेत, किंवा संस्थांची कागदपत्रे तपासूनच त्यांना सामावून घेणाऱ्या ‘ग्लोबलगिव्हिंग’सारख्या एखाद्या देणगी-व्यासपीठामार्फत द्यावेत. अशी व्यासपीठे काही टक्के रक्कम कापून घेतात, पण त्या बदल्यात संस्थेकडून ठरावीक मुदतीने अहवाल मागतात. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराच्या ८०जी कलमाची सवलत मिळत नाही, हेही देणाऱ्यांना आधीच सांगून टाकावे.

आता खात्रीविषयी. केनियात २०१३ च्या क्रीडा कायद्यानुसार क्रीडा निबंधकांचे कार्यालय असून क्लब व क्रीडा संस्थांची नोंदणी तिथे होते. काही लहान संघ वस्तीपातळीवरचा समाजगट म्हणूनही नोंदलेले असतात. यांपैकी कोणते प्रमाणपत्र आहे हे प्रशिक्षकांना सरळ विचारा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नाने दुखावत नाही. त्यानंतर पैसे घेण्याची पद्धत पाहा. केनियात २००७ पासून एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सेवा चालू आहे आणि भाजीवाल्यापासून शाळेच्या शुल्कापर्यंत सगळीकडे तीच वापरली जाते. संस्थेला तिथे पैसे स्वीकारण्यासाठी स्वतःच्या नावाचा ‘पेबिल’ क्रमांक घेता येतो. संघाचा असा क्रमांक असेल, किंवा दोन-तीन जणांच्या सह्यांवर चालणारे बँक खाते असेल, तर ती चांगली खूण आहे. सर्व पैसे एकाच माणसाच्या खासगी मोबाइल क्रमांकावर मागितले जात असतील, तर तिथे थांबावे. तो माणूस लबाडच असेल असे मुळीच नाही. पण प्रामाणिक माणसालाही एकट्याने सांभाळलेल्या पैशाचा संशय चुकवता येत नाही, आणि त्याची झळ शेवटी मुलांना लागते. तिसरी गोष्ट म्हणजे संघ ज्या लीगमध्ये खेळतो तिचे वेळापत्रक आणि गुणतक्ता मागवा, आणि लीगच्या आयोजकांशी किंवा प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकांशी एकदा बोलून घ्या. प्रतिस्पर्धी संघाइतकी सरळ माहिती दुसरे कोणी देत नाही.

आपण माथारेचे नाव घेतले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्या वस्तीत या विषयाचा मोठा अनुभव साठलेला आहे. १९८७ साली बॉब मन्रो या कॅनडाच्या विकास-सल्लागारांनी तिथे माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे ‘मायसा’, सुरू केली. त्या काळी तिथली मुले प्लॅस्टिकच्या पिशव्या एकात एक गुंडाळून, त्यांवर सुतळी करकचून बांधून केलेल्या चेंडूने खेळत. (केनियाने २०१७ मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली.) मन्रो यांनी मुलांपुढे साधी अट ठेवली: तुम्ही काही कराल तर संस्था तुमच्यासाठी काही करील. माथारेत कचरा उचलला जात नसे, गटारे तुंबत, त्यातून रोगराई पसरे. म्हणून लीगच्या गुणतक्त्यात सामना जिंकण्याचे ३ गुण, तर वस्तीतला नेमून दिलेला भाग झाडून, गटार उपसून स्वच्छ करण्याचे ६ गुण ठेवले गेले. नुसते गोल करून खराट्याला हात न लावणारा संघ तक्त्यात मागे पडे. पुढे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या कामाचा ‘ग्लोबल ५००’ सन्मानाने गौरव केला. लहान मुलांना शिकवणारी, पंचगिरी करणारी, सफाईची आखणी करणारी मोठी मुलेमुली स्वतःही गुण मिळवतात, आणि त्या गुणांवर त्यांना शिक्षणासाठी रक्कम मिळते. ती त्यांच्या हाती न देता थेट शाळेत भरली जाते. याच पायावर १९९४ मध्ये माथारे युनायटेड हा संघ उभा राहिला आणि २००८ मध्ये त्याने केनियाची प्रीमियर लीग जिंकली.

ही हकीकत सांगण्यामागे माझा हेतू आहे. मायसाला पुढे नॉर्वेहून आणि इतर देशांतून मोठी मदत मिळाली, तिचे संघ ऑस्लोच्या नॉर्वे कप या युवा फुटबॉल स्पर्धेत जाऊन खेळले. पण बाहेरचा पैसा येण्याआधी तिथे गुणतक्ता होता, वेळापत्रक होते, कोणी किती काम केले याची नोंद होती. आपल्या ओळखीच्या संघाकडे बहुधा हेच नसेल, आणि दुरून बसलेल्या स्वयंसेवकाला सर्वाधिक उपयोगी पडता येते ते इथेच. प्रशिक्षकांबरोबर बसून, म्हणजे फोनवरून, एका हंगामाचे अंदाजपत्रक तयार करा: प्रवेशशुल्क किती, पंचांना प्रत्येक सामन्यामागे किती, मटाटूचे, म्हणजे तिथल्या खासगी प्रवासी गाडीचे, भाडे किती, दोन जादा चेंडू, प्रथमोपचाराची पेटी, सामन्यानंतरचे खाणे. हे सगळे केनियाच्या शिलिंगमध्ये लिहा, रुपयांत नंतर फिरवा. मग दर महिन्याला पावत्यांची छायाचित्रे आणि एक पानाचा जमाखर्च मागवण्याची रीत घालून द्या. अंदाजपत्रक, मागच्या हंगामाचे निकाल आणि जमाखर्च एवढे तीन कागद नीट तयार असले, की आवाहन लिहायला फारसे शब्द लागत नाहीत, आणि मोठ्या संस्थांकडे अर्ज करतानाही तेच कामी येतात.

आपल्याला अधिक चौकटबद्ध काम हवे असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाची ऑनलाइन सेवा २००० सालापासून चालू आहे. १८ वर्षांवरील कोणालाही तिथे विनाशुल्क नाव नोंदवता येते आणि आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. निधीसाठीचे अर्ज लिहिणे, भाषांतर, संकेतस्थळाची रचना अशी कामे तिथे मिळतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील मुलांचे फुटबॉलचे बूट वर्षाभरात लहान होतात. ते गोळा करून केनियातील एखाद्या संघाला पाठवावेत, अशी कल्पना आम्ही मांडली आहे. आपले मत काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भावना चांगली आहे, पण पाठवू नयेत असे मला स्पष्टपणे वाटते. हवाई मालवाहतूक, आयात शुल्क आणि तिथल्या बंदरावर किंवा विमानतळावर सामान सोडवण्याचा खर्च धरला, तर जुना बूट नव्याहून महाग पडतो, आणि तो सोडवायला धावपळ करायची ती प्रशिक्षकांनी. नैरोबीत गिकोंबा नावाचा जुन्या कपड्यांचा आणि पादत्राणांचा अवाढव्य बाजार आहे. तिथे जगभरातून आलेले वापरलेले बूट ढिगाने असतात आणि मुलाला पायात घालून, मापाचे पाहून घेता येतात. पैसे पाठवले तर बूट तिथेच घेतले जातील आणि तिथल्या विक्रेत्याचाही धंदा होईल. सोसायटीत गोळा झालेले बूट जवळच्या महापालिका शाळेला किंवा झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल चालवणाऱ्या संस्थेला द्यावेत. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेली ‘स्लम सॉकर’ ही त्यातली सर्वांत परिचित. तीही मायसाप्रमाणेच, फुटबॉलमधून समाजकार्य करणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याशी जोडलेली आहे.

प्रश्न : मी पुण्यात जाहिरात क्षेत्रात काम करते आणि युगांडातील एका मुलींच्या फुटबॉल संघासाठी विनामोबदला आवाहनाचा मजकूर लिहीत आहे. अनवाणी पाय, फाटके कपडे, रडवेला चेहरा अशी छायाचित्रे वापरली की देणग्या अधिक येतात, असे सहकारी सांगतात. मला ते खटकते. यावर काही निश्चित मार्गदर्शन आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला खटकते ते बरोबर आहे, आणि आपण त्यावर ठाम राहावे. चौदा वर्षांच्या मुलीचे रडवेले छायाचित्र एकदा इंटरनेटवर गेले, की ती पंचवीस वर्षांची झाली तरी ते तिच्या नावाशी चिकटून राहते. तिच्या वर्गातल्या मुली, पुढे तिला नोकरी देणारे, सगळ्यांनाच ते दिसते. आपल्या गल्लीतल्या मुलीचे असे छायाचित्र आपण तिच्या आईला न विचारता लावले असते का, एवढा एकच निकष मी स्वतः वापरतो आणि तो बहुतेक वेळा पुरतो. कायद्यानेही आता मर्यादा घातल्या आहेत. युगांडा आणि केनिया या दोन्ही देशांनी २०१९ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे कायदे केले असून मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. तेव्हा पालकांची लेखी संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्यावेत. पूर्ण नाव, शाळेचे नाव आणि घराची जागा ओळखू येईल असे काही लिहू नये.

आवाहनात काय दाखवावे हा पुढचा प्रश्न. कॉर्नर घेण्याआधी चेंडू ठेवून दोन पावले मागे येणारी मुलगी, फळ्यावर खडूने डावपेच समजावणारी कर्णधार, सामना संपल्यावर जाळी गुंडाळणाऱ्या दोघीजणी: अशी छायाचित्रे संघाकडूनच मागवा. शक्य झाल्यास मुलींनाच मोबाइल देऊन ती काढायला सांगा. मजकूर आपण लिहाल तो छापण्याआधी संघाला वाचून दाखवावा आणि त्यांनी एखादे वाक्य नको म्हटले तर ते काढावे. अशा आवाहनाला पहिल्या आठवड्यात कदाचित कमी पैसे येतील. पण जे देणगीदार येतात ते दया येऊन एकदाच देणारे नसतात. संघाचे पुढे काय झाले, हे विचारायला तेच लोक दुसऱ्या वर्षीही परत येतात.

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतील एका ‘अकादमी’साठी मी ऑनलाइन निधी गोळा करण्यास मदत करत होतो. आता त्यांनी कळवले आहे की १६ वर्षांच्या दोन मुलांची युरोपातील एका क्लबने चाचणीसाठी निवड केली असून व्हिसा व विमानप्रवासासाठी तातडीने पैसे हवेत. देणगीदारांना हे आवाहन पाठवू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पाठवू नका. फिफाच्या खेळाडू-हस्तांतरण नियमांतील १९ व्या कलमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतर होऊ शकत नाही. त्याला मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी दुसऱ्या देशात राहायला गेले असतील तर. पश्चिम आफ्रिकेतून १६ वर्षांचा मुलगा एकटा युरोपात जाऊन क्लबशी करारबद्ध होणे त्यात बसत नाही. आणि खऱ्या क्लबने मुलाला केवळ पाहण्यासाठी बोलावले असेल, तर त्याने लेखी निमंत्रण दिलेले असते आणि खर्चाचे त्यात म्हटलेले असते. क्लबच्या अधिकृत पत्त्यावर आपण स्वतः विचारणा करा.

मी हे इतक्या कळकळीने लिहितो त्याला कारण आहे. बनावट दलाल कुटुंबाकडून पैसे घेतात, घर किंवा जमीन विकायला लावतात, मुलाला पॅरिसला किंवा आणखी कुठे नेऊन सोडतात आणि नाहीसे होतात. अशा मुलांच्या मदतीसाठी कॅमेरूनचे माजी फुटबॉलपटू जाँ-क्लोद म्बूमँ यांना २००० मध्ये फ्रान्समध्ये ‘फूट सॉलिडेअर’ ही संस्था काढावी लागली. आपल्या देणगीदारांचे पैसे अशा प्रवासाच्या तिकिटाला लागावेत, असे त्यांतल्या एकालाही वाटणार नाही.

अकादमीला मुलांच्या भवितव्याची खरोखर काळजी असेल, तर आपण त्यांना दुसरी मदत देऊ करा. एखादा खेळाडू पुढे मोठा होऊन पैसे मोजून एका देशातल्या क्लबमधून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये गेला, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात, आणि २०२२ च्या अखेरीपासून ही रक्कम फिफाच्या स्वतंत्र क्लिअरिंग हाउसमार्फत, म्हणजे क्लबांमधली अशी देणी भागवणाऱ्या यंत्रणेमार्फत, दिली जाते. पण त्यासाठी मुलगा त्या क्लबकडे त्या त्या वर्षी खेळत होता, अशी राष्ट्रीय फुटबॉल संघटनेकडे नोंद असावी लागते. लहान क्लबांचे अनेकदा इथेच नुकसान होते: शिकवले त्यांनी, पण कागद नाही. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, नोंदणी क्रमांक आणि हंगाम यांची एक साधी सारणी आपण नाशिकमध्ये बसून त्यांच्याबरोबर भरू शकता; जुन्या वह्यांची छायाचित्रे मागवली तर एका मुलापासून आजच सुरुवात करता येईल. या कामासाठी अकादमीने सहकार्य नाकारले, तर आधी दिलेल्या देणग्यांचा हिशेब मागा आणि आपले नाव त्यांच्या आवाहनांवरून काढून घ्या.