टाळी वाजेपर्यंत

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला. 'वस्ताद, शरीरसौष्ठवाची जिल्हा श्री दोन महिन्यांवर आलीय. स्टेरॉइडचा एक कोर्स मारू का? सगळेच मारतात.' फोन केला असता तर तोंडातून शिव्याच गेल्या असत्या, म्हणून कागद घेतला.

आधी एका माणसाबद्दल सांगतो. ऊ झॉ वेक, ब्रह्मदेशचे. यातला 'ऊ' म्हणजे नाव नव्हे, आपण 'राव' लावतो तसा तिकडचा मान आहे. ब्रह्मदेशात शरीरसौष्ठवाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. पण ऑलिंपिकच्या नोंदीत ते सापडतात १९३६ च्या बर्लिनमध्ये, वेटलिफ्टिंगमध्ये, आणि देशाच्या रकान्यात चक्क भारत! ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३७ ला, स्पर्धेनंतर आठ महिन्यांनी. त्यामुळे मीराबाई चानूपासून मागे मागे जात भारताच्या ऑलिंपिक वेटलिफ्टरांची यादी काढलीस, तर सुरुवातीला एक ब्रह्मी माणूस उभा दिसेल. मीराबाई मणिपूरची, म्हणजे त्याच सरहद्दीवरची. मला या योगायोगाची उगाचच मजा वाटते.

आता मुद्द्याचं. शरीर कमावणारा हा माणूस वेटलिफ्टिंगला का गेला? कारण नुसतं शरीर दाखवायला मोठं स्टेजच नव्हतं. युजीन सँडो हा जर्मन शरीरसौष्ठवपटू १९०५ च्या सुमाराला हिंदुस्थान, ब्रह्मदेश फिरून गेला आणि इकडच्या पोरांना पिळदार दंडाचं वेड लागलं. तू घालतोस त्या बनियनला अजून त्याचंच नाव आहे. पण 'मिस्टर युनिव्हर्स' सुरू व्हायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. तोवर तुझ्या दंडाला कोणी विचारायचं तर एकच विचारायचं, उचलतोस किती?

आणि उचलायचं कसं, तर तीन प्रकारांनी. स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी छातीपर्यंत, मग झटक्याने डोक्यावर) तुला माहीत आहेत. तिसरा होता प्रेस. बार छातीपर्यंत आणायचा आणि तिथे थांबायचं. पंच टाळी वाजवणार, मग डोक्यावर ढकलायचं. गुडघा वाकवायचा नाही, पाठ मागे टाकायची नाही, टाचा जमिनीला. ती टाळी वाजेपर्यंतचा वेळ कसा जातो, हे ज्याच्या गळ्याखालच्या हाडावर लोखंड टेकलेलं असतं त्यालाच कळतं. श्वास कोंडलेला असतो, मनगटं मागे मोडत असतात आणि समोरचा माणूस नुसता तुझ्याकडे बघत असतो. पुढे लोक इतके मागे वाकून ढकलायला लागले की पंचांना निकाल देता येईना, आणि १९७२ नंतर प्रेस काढूनच टाकला. माझ्या मते चूक केली.

त्याच बर्लिनमध्ये इजिप्तच्या खद्र अल तूनीने ७५ किलो गटात तिन्ही मिळून ३८७.५ किलो उचललं. दुसरा आलेला जर्मन ३५ किलोंनी मागे. वरच्या वजनगटाचा विजेतासुद्धा तूनीच्या १५ किलो मागेच राहिला. ही शरीरं कशावर उभी होती याचा विचार कर. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनलं १९३५ साली, आणि डायनाबॉल ही स्टेरॉइडची गोळी अमेरिकेत बाजारात आली १९५८ मध्ये. तेव्हा 'सगळेच मारतात' हे म्हणायची सोयच नव्हती. आपल्याकडचे शरीरसौष्ठवपटू मनोहर आइच यांचंच बघ. उंची चार फूट अकरा इंच, इंग्रजांच्या तुरुंगात व्यायाम वाढवला, १९५२ ला आपल्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले आणि शंभरी ओलांडून २०१६ साली गेले.

ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला मंडाले आठवतं आणि मंडाले म्हटलं की टिळक. त्याच टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं, अभ्यास बुडाला तरी चालेल म्हणून. आख्खं वर्ष! आणि तू दोन महिन्यांचा हिशेब मांडून बसलास.

आपल्याच तालमीत तुझ्याआधी एक पोरगा होता. नाव सांगणार नाही. कोर्स मारला, 'श्री'ही मारली. खांदे दृष्ट लागावी असे झाले होते. बाहेरून हार्मोन मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, हे त्याला औषध देणाऱ्याने सांगितलंच नाही. मग एका बाजूची छाती बाईसारखी सुजली. आता भर मे महिन्यातल्या लग्नातही तो शर्टाच्या आत दोन बनियन घालून येतो. माझ्याशी नीट बोलतो, पण तालमीच्या दारातून पुढे येत नाही. त्याला वेळीच हटकलं नाही ही माझी चूक, म्हणून तुला एवढं लिहितोय.

तुझी पाठ चांगली आहे. परवा पुल-अप मारताना मागून पाहिली, रुंदी येतेय. पण आरशासमोर डंबेल फिरवताना तुझं लक्ष दंडाकडे असतं आणि टाचा उचललेल्या असतात. खांदे बारीक का दिसतात, तर तू उभा राहून जड वजन डोक्यावर कधी नेलंच नाहीस. या 'श्री'त उतरायचं तर उतर, आहेस तसा उतर. पाचवा आलास तर पाचवा. मी खाली खुर्चीत बसलेला असेन.

सोमवारी सकाळी सहाला ये. कोपऱ्यातला जुना बार पुसून ठेवतो. दोन्हीकडे पाच-पाचच्या प्लेटा, जास्त नाही. तुझे ते गादीवाले बूट घालून येऊ नकोस, टाच दबते. बार छातीवर घे आणि थांब. टाळी मी वाजवीन.

तुझा,
वस्ताद