ऑकलंडचा मंगळवार आणि संकष्टीचा वार

ताई, तुमची मुलगी जुलैत, नेमक्या वाढदिवसाच्या मंगळवारी, संध्याकाळी साडेसातला ऑकलंडहून निघाली आणि त्याच मंगळवारी दुपारी साडेबाराला सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. हे कसं झालं, आणि तिथे तिने संकष्टी कोणत्या वारी धरायची, असं तुम्ही विचारलंय. माझी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर गेली, आता नेरुळला असतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो प्रवास ठाण्याच्या घड्याळावर मांडून बघा. ती निघाली तेव्हा तुमच्याकडे मंगळवार दुपारचा एक वाजला होता. विमान बारा तास उडालं. ती उतरली तेव्हा तुमच्याकडे रात्रीचा एक, म्हणजे बुधवार लागलेला. यात वेळ कुठेच मागे गेली नाही. दोन्ही गावांच्या घड्याळांत १९ तासांचं अंतर आहे, एवढंच. म्हणून तिचा वाढदिवस दोनदा आला नाही, एकदाच आला, पण २४ अधिक १९ असा ४३ तासांचा झाला.

आता वार बदलतो कुठे? दर १५ रेखांशांना एक तास. ग्रीनिचला मंगळवारी दुपारचे बारा वाजलेत असं धरा, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. ग्रीनिचहून पूर्वेला तास वाढवत १८० अंशांवर गेलात तर मंगळवार संपायची मध्यरात्र येते. पश्चिमेला तास कमी करत त्याच १८० अंशांवर गेलात तर मंगळवार सुरू व्हायची मध्यरात्र येते. जागा एक, काट्यांची स्थिती एक, आणि मध्ये अख्ख्या दिवसाची तफावत. ही तफावत कुठेतरी मिटवावीच लागते. ती मिटवणारी रेषा म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषा. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला हा शब्द मला फार आवडतो, कारण ओलांडताना घड्याळ नाही, वार बदलायचा असतो. पृथ्वीवर वार बदलतो तो दोनच ठिकाणी: एक ही रेषा, जागेवर थांबलेली, दुसरी मध्यरात्र, सतत पश्चिमेकडे सरकणारी.

रेषा ओलांडून पश्चिमेला गेलं की एक वार गळतो, पूर्वेला गेलं की एक वार पुन्हा येतो. कॅनडाहून जपानला जाताना एकदा आमच्या जहाजावर रविवारनंतर थेट मंगळवार लागला. आमचा चीफ कुक रत्नागिरीकडचा, दर सोमवारी उपवास करणारा. सकाळी सहाच्या आधीच तो काळजीने विचारायला आला, "साहेब, सोमवार गेला कुठे?" मी त्याला हिशोब करून दाखवला की जहाजावर मंगळवारचे साडेसहा वाजेपर्यंत रत्नागिरीत सोमवारच आहे. त्याने तो दिवस उपवास केला. मला ते पटलं.

ही रेषा कोणत्या तहाने आखलेली नाही. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचचं रेखावृत्त मूळ म्हणून ठरलं, पण आपल्या बेटांवर कोणता वार पाळायचा हे तो तो देश ठरवतो. सामोआने १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून ४ जुलै दोनदा पाळला. मग ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी व्यवहार वाढल्यावर २०११ मध्ये उलट केलं: गुरुवार २९ डिसेंबरनंतर शनिवार ३१. तिथे त्या वर्षी ३० डिसेंबर उजाडलाच नाही. किरिबातीनेही १९९५ च्या सुरुवातीला रेषा पूर्वेकडे ढकलली, देशाच्या दोन भागांत दोन वार नकोत म्हणून. तिथली काही बेटं ग्रीनिचच्या १४ तास पुढे आहेत. त्यामुळे आपल्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा जगात तीन तारखा चालू असतात. मंगळवारी चारला बघा: किरिबातीच्या किरितिमाती बेटावर बुधवार लागून अर्धा तास झालेला, अमेरिकन सामोआत सोमवारचे रात्री साडेअकरा.

घड्याळाची वेळ ठरवून घेतलेली असते, हे आपल्या मुंबई-ठाण्याला नवीन नाही. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली आली, ती मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. तरी मुंबईने ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

आता संकष्टी. तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर ठरते, म्हणून ती जगभर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. समजा चतुर्थी ठाण्याच्या वेळेने मंगळवारी सकाळी नऊला लागली आणि बुधवारी सकाळी सातला संपली. आपल्याकडे मंगळवारी रात्री चंद्रोदय होतो तेव्हा चतुर्थी आहे, म्हणून संकष्टी मंगळवारी. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे असतं. तिथे हीच चतुर्थी सोमवारी रात्री साडेआठला लागून मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला संपते. सोमवारी साडेनवाच्या सुमारास तिथे चंद्र उगवला तर तो चतुर्थीचा. मंगळवारचा चंद्र उगवेपर्यंत पंचमी लागलेली. म्हणजे मुलीची संकष्टी सोमवारी, तुमच्या आदल्या वारी.

दर महिन्याला असंच होईल असं नाही, कधी दोघींचा वार एकच येईल. म्हणून तुमच्या दिनदर्शिकेतून फक्त चतुर्थी लागायची आणि संपायची वेळ तिला कळवा. त्यातून तिने साडेबारा तास वजा करावेत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथली घड्याळं मागे गेली की साडेतेरा, आणि चंद्रोदय तिच्या गावाचाच बघावा.