केबल कॉम्प्युटरवर दिसत नाही, पैसे कोणाकडे मागायचे?

प्रश्न : नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. आई रात्री लवकर झोपते, तिच्या मालिका रेकॉर्ड करून दुपारी दाखवता याव्यात म्हणून त्यांनी एका दुकानातून टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर बनवून घेतला. बिल ५८,४०० रुपये, त्यात ट्यूनर कार्डाचे (केबलचे चॅनल कॉम्प्युटरवर घेणारं कार्ड) ७,९००. केबलची वायर कार्डात लावून स्कॅन केलं तर शेकडो चॅनलची नावं आली, आईचं चॅनलही आलं; पण उघडावं ते काळं. दुकानदार केबलवाल्याला दोष देतो, केबलवाला म्हणतो आमच्या बॉक्सवरच बघा. मग दुकानदाराने ४,६०० रुपयांचं कॅप्चर कार्ड (बॉक्समधून येणारं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं) घ्यायला लावलं आणि बॉक्सची एचडीएमआय वायर त्यात घालायला सांगितली. तरीही काळंच. आता तो महिना २०० रुपयांत इंटरनेटवरून चॅनल ‘उघडून’ देतो म्हणतो. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं आहे. दाद कुठे मागायची?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ऑर्डर देण्याआधी तुम्ही दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, “केबल डायरेक्ट लागेल ना? आईसाठी रेकॉर्डिंग करायचंय, बॉक्स नकोय.” त्याचं उत्तर आलं, “हो सर, डायरेक्ट. बॉक्स लागत नाही.” तुमचा सगळा दावा या दोन ओळींवर उभा राहणार आहे. तो संवाद पुसू नका, फोन बदलू नका. तारीख आणि नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट आजच काढा आणि पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार दाखल करताना सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडू.

आधी केबलवाल्याचं बघू, कारण तुमचा राग त्याच्यावर जास्त दिसतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५ मध्ये २०११ साली दुरुस्ती झाली आणि कलम ४अ प्रमाणे चॅनल कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करूनच पाठवणं केबलचालकावर बंधनकारक झालं. मुंबईत हे २०१२ च्या अखेरीस आलं. नाशिक दुसऱ्या टप्प्यात होतं, त्याची मुदत ३१ मार्च २०१३. चॅनलची यादी कुलपाबाहेर असते म्हणून तुमच्या कार्डाला नावं वाचता येतात; चित्र आत असतं आणि किल्ली त्या बॉक्समध्ये. बॉक्स कुठल्याही कंपनीचा कुठेही चालावा अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एप्रिल २०२० मध्ये सरकारला केली होती, पण शिफारशीच्या जोरावर तुम्हाला केबलवाल्याकडे कॉम्प्युटरसाठी किल्ली मागता येत नाही. तो कायद्याने सांगितलेलंच करतो आहे. त्याला तक्रारीत ओढलंत तर दुकानदाराला त्याच्याकडे बोट दाखवायची आयती संधी मिळेल. त्याला वगळा.

आता दुकानदार. मालविक्री कायदा १९३० चं कलम १६(१) म्हणतं की ग्राहकाने माल कशासाठी हवा ते विक्रेत्याला सांगितलं, त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला आणि तो माल विकणं हा त्याचा धंदा असेल, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे ही अट करारात न लिहिताही गृहीत असते. याला एक अपवाद आहे आणि समोरचा वकील तो काढणारच: ग्राहकाने ठरावीक कंपनीची वस्तू नाव घेऊन मागितली तर ही अट लागू होत नाही. तुम्ही कार्डाचं नाव घेतलं नव्हतं, काम सांगितलं होतं. कार्ड त्याने निवडलं. हा फरक तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात यायला हवा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ इथे तुमच्या आणखी जवळ येतो. कलम २(१०) मध्ये ‘दोष’ म्हणजे व्यापाऱ्याने कुठल्याही प्रकारे जो दर्जा असल्याचं सांगितलं त्यात असलेली उणीवही धरली आहे. त्यामुळे “कार्ड बिघडलेलं नाही, दुसरीकडे लावून बघा” या बचावात फारसा दम उरत नाही. राहिलं बिलावरचं ते वाक्य. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. बिलावरच्या छापील ओळीने कायदा खोडता येत नाही.

मागायचं किती? पूर्ण ५८,४०० मागावेत असं वाटणं साहजिक आहे, मनस्ताप खरा आहे. पण कॉम्प्युटर चालतो, तुमचा मुलगा त्यावर अभ्यास करतो असं तुम्हीच लिहिलंत. उलटतपासणीत ते निघेलच. दोन्ही कार्डांचे मिळून १२,५००, त्यावर व्याज, त्रासाबद्दल वाजवी भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढ्यावर मी ठाम राहीन. मागणी मोजकी असली की आयोगाचा विश्वास बसतो.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच दुकानं तिथेच नरमतात. नाही नरमलं तर पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी पाठवा. त्यानंतर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. दुकान पुण्यात असलं तरी चालेल, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षं आहे, पण थांबू नका.

महिना २०० रुपयांच्या ‘सोयी’ला कृपया हात लावू नका. दुसऱ्या कुणाच्या बॉक्समधल्या कार्डाची किल्ली नेटवरून वाटून दिली जाते, ते हे. कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ हक्क डावलण्याच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. शिवाय तुम्ही ते घेतलंत की तुमच्या तक्रारीची बाजू लंगडी झाली. दुकानदाराचा तो मेसेज मात्र जपून ठेवा, तो त्याच्याच विरुद्ध पुरावा आहे.

आईसाठी रेकॉर्डिंग करणं यात चूक काहीच नाही. त्याच कायद्याचं कलम ३९(अ) स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला उल्लंघन मानत नाही. अडचण वायरीची आहे: एचडीएमआयमधल्या कॉपी संरक्षणामुळे कॅप्चर कार्डाला चित्र मिळत नाही. केबलवाल्याकडे रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स मागा, पेनड्राइव्हवर घेणारे बॉक्स मिळतात. तोवर आईला सह्याद्री वाहिनी चालत असेल तर दूरदर्शनच्या फ्री डिशवर ती विनाशुल्क आहे.

आणि दुकानदाराने कार्डं ‘तपासून देतो’ म्हणून मागितली, तर सिरियल नंबर लिहिलेली, सही-शिक्क्याची पोच हातात आल्याशिवाय देऊ नका.