टाका कुणाचा, ते आधी लिही

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सर म्हणतात आपल्या बंजारा बायकांची फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, रॅम्पवर 'कॉस्च्युम' दिसते, आरसे कमी कर, कवड्या काढ. आजी म्हणते एक कवडी हलवायची नाही. आणि तू मला विचारतेस, किती बदलू?

बदल की! माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या काळात गिरणीचं कापड आलं, रंग बदलले. बायकांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती. घेर किती ठेवायचा ते तुझी कात्री ठरवेल, तिच्यावर माझा भरवसा आहे. पण एवढी स्केचेस पाठवलीस, त्यात टाका घालणाऱ्या एकाही बाईचं नाव नाही. मला राग आलाय तो त्याचा.

बोलिव्हियाच्या एलियाना पाको पारेदेसबद्दल तू भारावून लिहिलंयस. तिथल्या आयमारा या मूळ रहिवासी समाजातल्या बायकांचा पोलेरा म्हणजे घेरदार घागरा, शाल आणि गोल टोपी २०१६ मध्ये तिने न्यूयॉर्क फॅशन वीकला नेली. त्याच पोलेरामुळे तिथल्या बायकांना एके काळी हॉटेलच्या दारात अडवायचे. तिचा अभिमान मलाही आहे. पण २०२५ चं मिलानही विसरू नकोस. प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या रॅम्पवर कोल्हापुरी चप्पल चालली आणि सुरुवातीला तिची ओळख काय दिली, तर चामड्याची सँडल. ओरड झाली तेव्हा कुठे कोल्हापुरीचं नाव निघालं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालेल्या जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनात आपला सोलापूर जिल्हाही आहे, म्हणून ओरडायला आधार तरी होता. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे आपल्याच बंजारा कशिद्यालाही तसं मानांकन आहे. तरी एक ध्यानात घे: मानांकन गावाचं नाव राखतं, बाईचं राखत नाही. ते तुलाच राखावं लागेल.

अक्कलकोट रोडला माझं युनिफॉर्मचं युनिट होतं तेव्हा बाहेरचा एक खरेदीदार आला. जॅकेटच्या पाठीला तांड्यावरचं आरशांचं काम हवं होतं. मी म्हटलं, आतल्या लेबलवर करणारीचं नाव हवं. तो म्हणाला, 'हँडमेड' लिहिलं की पुरे. मी ऑर्डर सोडली. त्याने मशीनवर नक्कल करून घेतली आणि तांड्यावरच्या बायकांचा अख्खा हंगाम कोरडा गेला. त्यातल्या काही अजून माझ्याशी बोलत नाहीत. ती सल आहे, जाणार नाही. पण आज तो पुन्हा दारात आला तरी मी हेच सांगेन. पोट भरायला युनिफॉर्म होतेच. बिननावाचं काम आपण आधीच भरपूर केलंय. सोलापुरात तांडा म्हटलं की लोकांना हातभट्टी आठवते. तिथल्या बाईचं नाव लेबलवर जाऊ दे, म्हणजे निदान आणखी एक गोष्ट आठवेल.

तेव्हा टाका कुणाचा, ते आधी लिही. नाव, तांडा, काम, किती दिवस बसली. मजुरी दिवसावर दे, नगावर नको. नगावर दिली की बाई घाई करते, आरशाभोवतीचा टाका सैल पडतो आणि मग तूच तिला नावं ठेवशील. म्हाताऱ्या बायकांकडून जुने फेटिये पडेल भावात घेऊन त्यांचे तुकडे जॅकेटला लावायचे नाहीत. व्यापारी तेच करतात, उशांचे अभ्रे शिवतात. तू केलंस तर माझ्याकडे येऊ नकोस.

हे सगळं खर्चिक आहे, कळतं मला. मग आठ पोशाखांऐवजी तीन कर. सर मार्क कापतील, कापू देत. शो संपताना डिझायनर रॅम्पवर येते ना, तेव्हा एकटी येऊ नकोस. आजी नाही म्हणेल, लाजेल. तिला तयार करायला मी येते.

रविवारी दुपारी तांड्यावर भेटू. स्केचेस राहू देत घरी. वही आण, पहिल्या पानावर कांचळी करणाऱ्या बायकांची नावं हवीत, आणि प्रत्येकीला काय देणार तो आकडा.

तुझी,
ताई